हुकमी खेळाडू अडली, की पुढे काय?

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. शेवटच्या तीन आठवड्यांत ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा असते. तिथे एक सामना हरलं की थेट घरी. त्या तीन आठवड्यांत दरवर्षी तोच वाद रंगतो. संघ जिंकला तो त्या एका खेळाडूमुळे, की डाव ऐनवेळी फिरवणाऱ्या प्रशिक्षकामुळे? निकाल लागल्यावर दोन्ही बाजूंना पुरावे मिळतात, म्हणून हा वाद मिटत नाही. त्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा: हुकमी खेळाडू अडली किंवा दुखावली, तर संघाकडे दुसरं काय आहे, आणि ते नेमकं कधी तयार केलं होतं?

पाचजणींत एक

मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू. सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत. चेंडू ताब्यात आल्यावर तीस सेकंदांत बास्केटकडे टाकावाच लागतो. या खेळात पाळी नसते. प्रशिक्षकाने ठरवलं तर प्रत्येक वेळी चेंडू एकीच्याच हाती देता येतो आणि राखीव मुलींना उतरवायची सक्तीही नाही. त्यामुळे एका असामान्य खेळाडूचा भार इथे फार मोठा पडतो.

१९९३चा अंतिम सामना त्याचं टोकाचं उदाहरण. टेक्सास टेकने ओहायो स्टेटला ८४-८२ असं हरवलं आणि त्या ८४ पैकी ४७ गुण एकट्या शेरिल स्वूप्सचे होते. अंतिम सामन्यातला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, पुरुषांच्या स्पर्धेतही नाही. त्या दिवशी प्रशिक्षक मार्शा शार्प यांनी डाव फिरवायचा म्हणजे काय करायचं होतं? स्वूप्सला चेंडू मिळत राहील एवढं पाहणं हेच शहाणपण होतं.

कनेक्टिकटचे प्रशिक्षक जेनो ऑरिएमा १९८५पासून तिथे आहेत आणि २०२५पर्यंत त्यांच्या खात्यात १२ विजेतेपदं आहेत. २००२च्या अजिंक्य संघातल्या चार मुख्य खेळाडू बाहेर पडल्या आणि चौघीही व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या सहांत निवडल्या गेल्या. उरली डायना टॉरासी. तिच्या जोरावर कनेक्टिकटने २००३ आणि २००४ ही दोन्ही वर्षं जिंकली. आमच्याकडे डायना आहे आणि तुमच्याकडे नाही, हे ऑरिएमांचं त्या काळातलं वाक्य आजही सांगितलं जातं. गंमतीत बोललेलं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

चार वर्षं हाताशी

पुरुषांच्या खेळात गुणी मुलगा कॉलेजात एक वर्ष काढून एनबीएत जातो. मुलींचं तसं नाही. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये उतरायला अमेरिकी खेळाडूला त्या वर्षात वयाची २२ वर्षं पूर्ण व्हावी लागतात किंवा पदवीच्या टप्प्यावर असावं लागतं. म्हणजे तारका साधारण चार वर्षं प्रशिक्षकाच्या हाताशी राहते. तिच्याभोवती संघ बांधायला भरपूर वेळ मिळतो, आणि तिच्यावाचून खेळायचं विसरून जायलाही तेवढाच.

यावर बहुतेक मोठ्या संघांकडे एक साधा उपाय आहे, आणि बाहेरच्यांना तो फारसा ठाऊक नसतो. सरावात मुलींसमोर विद्यापीठातलेच मुलगे उभे करतात. हे विद्यार्थी पुरुष संघातले नसतात. हौशी असतात, पण उंच आणि वेगवान. येत्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी संघाच्या चाली त्यांना शिकवल्या जातात आणि एकजण चक्क समोरच्या तारकेची नक्कल करतो: तिच्यासारखा डावीकडे वळतो, तिच्या आवडत्या जागेवरून चेंडू टाकतो. टेनेसीच्या प्रशिक्षक पॅट समिट यांच्या संघातही हा सराव असायचा. समिट यांनी ८ विजेतेपदं आणि १,०९८ विजय मिळवले. त्यांच्या १९९७च्या अजिंक्य संघाने त्या हंगामात तब्बल दहा सामने गमावले होते. डिसेंबर-जानेवारीतल्या पराभवांमधून जुळवाजुळव करत हा संघ मार्चमध्ये उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ३९ पैकी ३९ जिंकले. तारका शमीक होल्डस्क्लॉ दोन्ही वर्षी संघात होती.

तिला अडवतात कसं

पद्धती मोजक्याच आहेत. एक, चौघी चौकोनात उभ्या राहून बास्केट राखतात आणि पाचवी तारकेला सावलीसारखी चिकटते. दोन, चेंडू तिच्याकडे गेला की दुसरी धावून येते आणि दोघी मिळून तिला कोंडतात. तीन, ज्या मुलीला लांबून नेम साधत नाही तिला मोकळं सोडायचं आणि वाचलेली बचावपटू तारकेच्या वाटेवर आणून ठेवायची. तिन्हींमध्ये कुणीतरी मोकळी राहतेच. समोरचा प्रशिक्षक जणू विचारत असतो, बाकीच्या चौघींवर तुमचा भरवसा किती?

३१ मार्च २०१३ला लुईव्हिलच्या जेफ वॉल्झनी हाच प्रश्न बेलरला विचारला. बेलर आदल्या वर्षी ४०-० अशी अजिंक्य होती आणि संघात सहा फूट आठ इंच उंचीची ब्रिटनी ग्रायनर होती. तिच्या पुढे एक, मागे एक, आणि चेंडू येताच बाजूने तिसरी, असा घेराव लुईव्हिलने सुरुवातीपासून घातला. पहिल्या अर्ध्यात तिला मैदानावरून एकही बास्केट मिळालं नाही. सामना संपला तेव्हा तिच्या नावावर १४ गुण होते.

पण मला या सामन्याची दुसरी बाजू जास्त शिकवणारी वाटते. ग्रायनर बेलरचा बचावही होती. तिच्या हातांखालून चेंडू टाकण्याची कुणाची छाती नव्हती, म्हणून लुईव्हिलने तिकडे जाणंच टाळलं. त्यांनी तीन गुणांच्या रेषेबाहेरून २५ वेळा प्रयत्न केले आणि त्यातले १६ साधले. आत उभी राहून बास्केट राखण्याची सवय असलेल्या बेलरला बाहेर धावून जाणं जमेना. ओडिसी सिम्सने २९ गुण काढत बेलरला परत आणलं, शेवटच्या क्षणी आघाडीही मिळवून दिली. मग तीनहून कमी सेकंद उरले असताना मोनिक रीडचे दोन फ्री थ्रो, आणि ८२-८१. पाचव्या मानांकित संघाने त्या वर्षीचा सर्वांत दबदब्याचा संघ घरी पाठवला. बेलरच्या प्रशिक्षक किम मल्की यांच्याकडे ग्रायनर नावाचं एक उत्तर होतं आणि बरीच वर्षं ते पुरलं होतं.

२०२१च्या अंतिम सामन्याचे शेवटचे सहा सेकंदही असेच. स्टॅनफर्ड ५४, ॲरिझोना ५३, चेंडू ॲरिझोनाकडे. तो आरी मॅकडोनाल्डकडेच जाणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. स्टॅनफर्डच्या तिघी तिच्यावर धावून गेल्या. तिने तिघींच्या डोक्यावरून चेंडू टाकला, तो हुकला. मॅकडोनाल्डवाचून ॲरिझोना तिथवर पोहोचलीच नसती, म्हणून प्रशिक्षक एडिया बार्न्स यांना दोष देणं मला जमत नाही. पण तिघी एकीवर असताना दोघी मोकळ्या होत्या, हेही खरं.

दुखापतीचा हिशेब

तारका समोरच्या संघाने अडवली तर निदान ती मैदानावर असते. गुडघा गेला की तेवढंही नाही. गुडघ्यातला एसीएल हा बंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि परत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे हंगाम संपलाच. महिला बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षकाची लवचिकता बहुतेक वेळा इथेच कसाला लागते.

१९९८मध्ये स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर अशाच गेल्या. फेरजुळणीला वेळच नव्हता. पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर सोळाव्या मानांकित हार्वर्डने ७१-६७ असं हरवलं. असं तोवर कधीच घडलं नव्हतं, ना मुलींच्या ना मुलांच्या स्पर्धेत. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने ३५ गुण काढले. मोडलेल्या संघासमोर एक धडधाकट तारका काय करते, हे त्या संध्याकाळी दिसलं.

वेळ मिळाला तर चित्र पालटतं. २०१७मध्ये साउथ कॅरोलायनाचा सगळा खेळ आतल्या दोन उंच मुलींवर उभा होता, एजा विल्सन आणि अलेना कोट्स. घोट्याच्या दुखापतीमुळे कोट्स राष्ट्रीय स्पर्धेला मुकली. प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी तिच्या जागी दुसरी उंच मुलगी शोधली नाही. त्यांनी विल्सनला एकटीला आत ठेवलं आणि भोवती बाहेरून खेळणाऱ्या चार गार्ड पेरल्या. संघ वेगवान झाला, आतली गर्दी हटली आणि विल्सनला वळायला जागा मिळाली. अंतिम सामन्यात तिने २३ गुण घेतले आणि साउथ कॅरोलायनाने पहिलं विजेतेपद मिळवलं. इथे तारका आणि बदल यांत निवड करावीच लागली नाही. बदल केला तो तारकेला मोकळं करण्यासाठीच.

२०१८च्या हंगामात नोत्र दामच्या चार मुली एसीएलमुळे बाहेर होत्या. प्रशिक्षक मफेट मॅग्रॉ यांच्याकडे उरल्या शिष्यवृत्तीवरच्या सातजणी. अंतिम सामन्यात १५ गुणांची पिछाडी भरून त्यांनी ६१-५८ असा विजय मिळवला, तोही सेकंदाचा दहावा भाग शिल्लक असताना अरिके ओगुनबोवालेने टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटवर. दोन दिवसांपूर्वी उपांत्य सामन्यात कनेक्टिकटला तिनेच शेवटच्या क्षणी हरवलं होतं. लोकांना तिचे ते दोन फटके आठवतात. त्याच उपांत्य सामन्यात जॅकी यंगने ३२ गुण केले होते, त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

पुढच्या वर्षी मल्कींनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. क्लोई जॅक्सन पदवी घेऊन एका वर्षासाठी बेलरला आली ती शूटिंग गार्ड म्हणून. संघाला चेंडू खेळवणारी पॉइंट गार्ड नव्हती, म्हणून तिला त्या जागेवर घडवलं. अंतिम सामन्यात तिसऱ्या भागात बेलरच्या लॉरेन कॉक्सचा गुडघा दुखावला, हातातली मोठी आघाडी गेली, आणि ३.९ सेकंद असताना जॅक्सनने आत घुसून विजयी बास्केट केलं. ८२-८१. सहा वर्षांपूर्वी याच आकड्यांनी मल्की हरल्या होत्या.

अशा जागाबदलाचं अलीकडचं उदाहरण टेक्सासचं. डिसेंबर २०२३मध्ये पॉइंट गार्ड रोरी हार्मनचा एसीएल गेला. प्रशिक्षक व्हिक शेफर यांनी चेंडू दिला मॅडिसन बुकरकडे. ती पहिल्या वर्षाची, आणि मूळची फॉरवर्ड. टेक्सास शेवटच्या आठांत पोहोचला.

आणि कधी कधी कुणालाच काही करता येत नाही. २०२२-२३मध्ये कनेक्टिकटची पेज ब्यूकर्स पूर्ण हंगाम बाहेर होती. जानेवारीत तर धडधाकट खेळाडू इतक्या कमी उरल्या की डीपॉलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. सलग १४ वर्षं अंतिम चारांत जाण्याची त्यांची मालिका त्या वर्षी तुटली. १२ विजेतेपदांच्या प्रशिक्षकाचंही बाकावर माणसंच नसतील तर काही चालत नाही.

डॅलस ते क्लीव्हलँड

३१ मार्च २०२३, डॅलस. साउथ कॅरोलायना ३६-०, समोर आयोवा. आयोवाची केटलिन क्लार्क बचावाला उभी असताना समोरच्या रेव्हन जॉन्सनच्या हाती चेंडू आला. क्लार्क पुढे गेली नाही. उलट हाताने तिला झटकल्यासारखं केलं, टाक खुशाल, आणि आत सरकली. ती चित्रफीत देशभर फिरली. क्लार्कचा उद्दामपणा म्हणून तिची चर्चा झाली, खरं तर तो प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांचा ठरवून आखलेला डाव होता. साउथ कॅरोलायनाला लांबून नेम लागत नाही, मग बाहेर मोकळं सोडा आणि सगळ्याजणी आत गोळा व्हा. त्यात साउथ कॅरोलायनाची तारका अलिया बॉस्टन हिला लवकर फाउल लागले. कबड्डीत बाद झालेला चढाईपटू सहकाऱ्याने गडी मारला की परत येतो. इथे पाचवा फाउल म्हणजे त्या दिवसापुरता खेळ संपला, म्हणून दोन फाउल होताच प्रशिक्षक तारकेला बाकावर बोलावतात. बॉस्टनला ८ गुणांवर समाधान मानावं लागलं. संघाने बाहेरून २० वेळा प्रयत्न केले, चारच साधले. क्लार्कने ४१ गुण काढले. आयोवा ७७, साउथ कॅरोलायना ७३.

त्यानंतर साउथ कॅरोलायनाच्या पाचही मुख्य खेळाडू बाहेर पडल्या. नवा संघ उभा करताना स्टेलींनी डॅलसमधलं भगदाड आधी बुजवलं. ओरेगॉनहून ते-हिना पाओपाओ आली. ती देशातल्या सर्वोत्तम नेमबाजांपैकी एक ठरली. रेव्हन जॉन्सनने स्वतःचा नेम सुधारला. मिनिटं अनेकींत वाटली गेली. हंगामभर कुठलीही एक मुलगी संघाचा चेहरा नव्हती. उंच कमिला कार्दोझोला निलंबनामुळे स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात खेळता आलं नाही, तरी संघाला जाणवलंही नाही. (याच कार्दोझोने दोन आठवडे आधी टेनेसीविरुद्ध शेवटच्या क्षणी तीन गुणांचं बास्केट टाकून सामना वाचवला होता. कॉलेजच्या कारकिर्दीतलं तिचं ते पहिलंच. याला कुणी प्रशिक्षकाची योजना म्हणू नये.)

७ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड, पुन्हा आयोवा, आता अंतिम सामना. क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांत १८ गुण काढले. साउथ कॅरोलायना मागे पडली. पण स्टेलींनी घाई केली नाही. रेव्हन जॉन्सनला क्लार्कच्या मागे लावलं, दमली की दुसरी, आणि राखीव मुलींना नेहमीच्या वेळी उतरवत राहिल्या. उरलेल्या तीस मिनिटांत क्लार्कला १२ गुण मिळाले. ८७-७५. पहिल्या वर्षाच्या टेसा जॉन्सनने बाकावरून येऊन १९ केले. साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंचे गुण ३७, आयोवाच्या राखीव खेळाडूंचे शून्य. मला या सगळ्या विषयावरचा सर्वांत बोलका आकडा विचारला तर मी हा सांगेन.

आयोवाची बाजू

तरी ब्लूडर यांना एका मुलीवर विसंबलेल्या प्रशिक्षक म्हणणं अन्याय होईल. २०१९मध्ये त्यांचा संघ पूर्णपणे आतून खेळायचा, कारण त्यांच्याकडे मेगन गुस्टाफसन होती. तिने त्या वर्षी देशात सर्वाधिक सरासरीने गुण केले, बहुतेक बास्केटच्या पायथ्याशी. २०२०मध्ये क्लार्क आली आणि ब्लूडर यांनी सगळा खेळ उलटा केला: वेग वाढवला, मैदान पसरलं, आणि मध्यरेषेच्या जवळून चेंडू टाकायची मुभा एका विशीतल्या मुलीला दिली. पन्नाशी उलटलेल्या प्रशिक्षकाने हे करणं सोपं नसतं. क्लार्कच्या ३,९५१ गुणांच्या विक्रमाबद्दल सगळे बोलतात, पण तिने १,१४४ वेळा दुसरीला बास्केट करून दिलं. तारका अशी देणारी असेल तर तिच्यावरचं अवलंबित्व फार काळ झाकलं जातं. आयोवा सलग दोन वर्षं अंतिम सामन्यात खेळली. एवढं तिथे आधी कधी झालं नव्हतं.

बदल फसतो तेव्हा

लवचिकतेचे गोडवे गाणाऱ्यांनी २०१७चा अंतिम सामना मिसिसिपी स्टेटच्या बाजूने बघावा. मॉर्गन विल्यम ही त्या संघाची ठेंगणी पॉइंट गार्ड. तिने बेलरविरुद्ध ४१ गुण केले, मग उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणाच्या बास्केटने कनेक्टिकटची सलग १११ विजयांची मालिका तोडली. दोन दिवसांनी अंतिम सामन्याच्या चौथ्या भागात ती बाकावर होती. तेव्हा याच संघाचे प्रशिक्षक असलेल्या शेफर यांना दुसरी जोडणी बरी चाललेली वाटत होती. संघ ५५-६७ हरला. निर्णय चूक होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण असा बदल हरल्यावर आयुष्यभर विचारला जातो, आणि म्हणूनच बरेच प्रशिक्षक तारकेला बसवायला कचरतात.

पोर्टल आणि बाक

आता बाक भरलेलं ठेवणंच अवघड झालं आहे. २०२१पासून खेळाडूंना ‘ट्रान्सफर पोर्टल’मधून एक वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येऊ लागलं, २०२४पासून हवं तितक्या वेळा. २०२१च्या जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसेही मिळवता येतात. पंधराजणींच्या संघात दहावी-अकरावी असलेली गुणी मुलगी दोन वर्षं वाट बघत बसेलच असं नाही. याचा फायदाही होतो. २०२३ची एलएसयू मुख्यतः बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर जिंकली, आणि अंतिम सामन्यात बाकावरून उतरलेल्या जास्मिन कार्सनने पहिल्या अर्ध्यातच २१ गुण ठोकले.

दुसरीकडे, नुसतं भरलेलं बाकही पुरत नाही. २०२५मध्ये साउथ कॅरोलायनाकडे पुन्हा भरगच्च बाक होतं, पण अडचणीत चेंडू कुणाला द्यायचा हे ठरलेलं नव्हतं. कनेक्टिकटने त्यांना अंतिम सामन्यात ८२-५९ असं धुतलं. त्याआधीच्या उपांत्य सामन्यात यूसीएलएच्या ५१ गुणांपैकी २६ एकट्या लॉरेन बेट्सचे होते. कनेक्टिकटने ८५ केले. अंतिम सामन्यात ब्यूकर्सला १७ मिळाले, ॲझी फड आणि सारा स्ट्राँग यांना प्रत्येकी २४. चार वर्षं ज्या मुलीभोवती संघ फिरला, तिला शेवटच्या दिवशी गुणांत तिसरी राहून चाललं.

सामना पाहताना

अंतिम सामना अलीकडे रविवारी दुपारी अमेरिकेत होतो, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास. जागणार असाल तर गुणफलकापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत किती राखीव मुली उतरल्या. तारकेला दुसरा फाउल लागल्यावर चेंडू कोण पुढे आणते. आणि टाइमआउटनंतरची पहिली चाल: ती प्रत्येक वेळी एकीच्याच हाती संपत असेल, तर समोरच्या बाकावरही कुणीतरी ते वहीत टिपून घेत असतं.